हिरडीची जाडी मोजायची कशी?

नागझिऱ्याच्या पिटेझरी किंवा चोरखमारा गेटजवळच्या गावातून कुणी मुलीच्या वेड्यावाकड्या दातांना तारा लावून घ्यायला निघाले, की पहिला मुक्काम साकोली, तिरोडा किंवा गोंदिया. तिथे दंतवैद्याने सांगितले, ‘हिरडी पातळ दिसतेय, नागपूरला जाऊन स्कॅन करून आणा,’ तर घरचे गोंधळून जातात. दात दुखत नाही, हिरडीतून रक्त येत नाही. मग एक दिवसाची मजुरी बुडवून आणि स्कॅनचे पैसे मोजून नक्की काय कळणार? हा प्रश्न रास्त आहे.

पुढच्या दातांवरची निरोगी हिरडी बहुतेकांत १ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. काहींची त्याहून पातळ, काहींची जाड. फरक केसाएवढा वाटला तरी परिणाम मोठा असतो. पातळ हिरडीखालचे हाडही बहुधा पातळच असते. तारेने दात बाहेरच्या बाजूला ढकलला, इम्प्लांट बसवले किंवा रोज जोर लावून ब्रश घासला, तर अशी हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते आणि थंड पाण्याने कळ येते. आपल्या भागात त्यात खर्ऱ्याची भर पडते. खर्रा ओठाच्या आत ज्या जागी दाबून ठेवतात, नेमकी तिथलीच हिरडी उतरलेली दिसते. एकदा उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. म्हणून उपचाराआधी जाडी कळलेली बरी.

मोजण्याची सर्वांत जुनी रीत टोचण्याची. जागा बधिर करून रूट कॅनालची बारीक फाइल हिरडीतून आत हाडापर्यंत किंवा दातापर्यंत नेतात. तिच्यावरची रबरी चकती हिरडीला टेकते. मग टोकापासून चकतीपर्यंतचे अंतर मोजतात. आकडा थेट मिळतो, पण भूल दिल्याने जागा थोडी फुगू शकते आणि निरोगी माणसाला विनाकारण टोचावे लागते.

दुसरी रीत कोन बीम सीटीची, म्हणजे दातांच्या त्रिमितीय एक्स-रेची. हाड यात उत्तम दिसते, हिरडी मात्र पुसट. ओठ हिरडीला चिकटून राहिला तर दोन्ही एकच होऊन जातात. म्हणून स्कॅनच्या वेळी ओठ आणि गाल साधनाने दूर धरावे लागतात. धातूच्या कॅपमुळे चित्रावर रेघा उमटतात, त्या वेगळ्याच. शिवाय रेडिएशन आहे. एका स्कॅनची मात्रा यंत्र आणि स्कॅनचा भाग यांनुसार काही दशक ते काही शे मायक्रोसिव्हर्ट असते. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. त्या मानाने स्कॅनचे प्रमाण थोडे, पण गरज नसताना तेही कशाला? मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे.

तिसरी रीत सोनोग्राफीची. १९९६ मध्ये इगर, म्युलर आणि हायनेके या संशोधकांनी ध्वनिलहरींनी हिरडीची जाडी मोजून दाखवली. मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. १ मिलिमीटर हिरडीतून हाडापर्यंत जाऊन परत यायला त्याला साधारण १.३ मायक्रोसेकंद लागतात. त्या वेळेवरून जाडी निघते. यात टोचणे नाही आणि रेडिएशनही नाही. अडचण अशी की टोक जरा तिरके धरले तरी आकडा बदलतो, मागच्या दाढांपाशी ते नीट पोचत नाही आणि असे खास यंत्र गावच्या दवाखान्यात सहसा नसते.

आणखी एक साधी रीत आहे. दंतवैद्य बोथट मोजपट्टीची सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत हलकेच घालतात. हिरडीतून सळईची सावली दिसली तर हिरडी पातळ, म्हणजे १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. दिसली नाही तर जाड. २०१७ मध्ये शिकागोला झालेल्या जागतिक कार्यशाळेत तज्ज्ञांनी हीच चाचणी सुचवली. तिला मिनिटही लागत नाही. नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा ती भरवशाची आहे, पण नेमका आकडा देत नाही.

मग यांतली चांगली कोणती? प्रश्न काय आहे, त्यावर ते ठरते. ‘पातळ की जाड’ एवढेच हवे असेल तर सळई पुरते. इम्प्लांटसाठी हाड पाहायचेच असेल, तर त्याच सीटीत ओठ दूर धरून हिरडीही मोजून घेता येते. दुसरा स्कॅन नको. त्याच जागी पुन्हा पुन्हा मोजायचे असेल आणि यंत्र उपलब्ध असेल, तर सोनोग्राफी बरी. निव्वळ हिरडीच्या जाडीसाठी निरोगी माणसाचा सीटी काढणे सहसा योग्य नाही.

मोजण्याआधी एक पथ्य मात्र पाळायला हवे. घाण साचून सुजलेली हिरडी जाड भासते. आधी दात स्वच्छ करून घ्यावेत, सूज उतरू द्यावी, मगच मोजावे. नाहीतर पातळ हिरडीला जाड समजून उपचार सुरू होतील.

तेव्हा नागपूरची गाडी धरण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. सळईची चाचणी केली का? स्कॅनमध्ये आणखी काय पाहायचे आहे? निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर स्कॅन टाळण्याबद्दल मोकळेपणाने बोला. ‘नाही, हाड पाहून दात किती हलवायचा ते ठरवायचे आहे,’ असे उत्तर मिळाले, तर मात्र तो खर्च सार्थकी लागेल. आणि हिरडी पातळ निघाली तर घाबरू नका, तो आजार नाही. मऊ ब्रश, हलका हात, खर्रा बंद आणि तारा असेपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना न चुकता तपासणी, एवढे सांभाळा.