वरंब्याची परीक्षा

परभणीच्या काळ्या रानात पेरणी दोन्हीकडून मार खाते. झड लागली की रान चिबडतं, सोयाबीन पिवळं पडतं. उघडीप लांबली की भेगा पडतात आणि फुलोरा गळतो. दोन्हींवर एकच उतारा म्हणून आज बीबीएफचं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीचं नाव घेतलं जातं. रुंद वरंब्यावर पेरायचं, कडेला सरी ठेवायची. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, थोडं पडलं तर तिथंच मुरतं. पण सपाट पेरणीपेक्षा हे सरस, हे ठरलं कसं?

१९७२ साल दुष्काळाचं. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था उभी राहिली. इक्रिसॅटनं १९७६ पासून काळ्या जमिनीत दोन पद्धती वर्षानुवर्षं चालवल्या. एकीकडे जुनी रीत: पावसाळ्यात रान पड, मग रब्बीची ज्वारी नाहीतर हरभरा. दुसरीकडे दीड मीटरवर आखलेले रुंद वरंबे, सुधारित वाण, रासायनिक खत आणि वर्षाला दोन पिकं. तीस वर्षांची सरासरी निघाली तेव्हा जुन्या रानात हेक्टरी टनभर धान्य होतं, नव्यात पाच टन.

आकडा मोठा आहे, पण हे पाच टन वरंब्याचे, खताचे की दुसऱ्या पिकाचे? त्या प्रयोगानं सगळं गाठोडं सरस ठरवलं. एकट्या वरंब्याचा हिशेब त्यातून निघत नाही.

तो काढायची रीत कृषी महाविद्यालयांत शिकवली जाते. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं १९५४ चं संख्याशास्त्राचं पुस्तक त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. वाण तोच, खत तेवढंच, पेरणी एकाच दिवशी. फरक फक्त वरंब्याचा. प्रत्येक पद्धत अनेक तुकड्यांवर करायची आणि कुठला तुकडा कोणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. नाहीतर भारी जमीन नेमकी आपल्या लाडक्या पद्धतीच्या वाट्याला जाते.

एवढं सिद्ध झालं तरी गाव मानेलच असं नाही. वरंबे पाडायला आणलेलं बैलांचं चाकाचं अवजार प्रयोगाच्या शेतात उत्तम चाललं, पण महाग आणि जड म्हणून शेतकऱ्यांनी नाकारलं. पॉल स्टार्की यांनी १९८८ साली जगभरच्या अशा अवजारांची हीच कहाणी मांडली. पुढे ट्रॅक्टर आले, सोयाबीन पसरलं, तेव्हा कुठे बीबीएफ यंत्र बांधावर पोचलं. तिथंही एक अडचण उरते. वाफसा सगळ्यांच्या रानात एकदमच येतो, आणि भाड्याचं यंत्र मात्र एका वेळी एकाच रानात असतं. आपली पाळी येईपर्यंत ओल उडाली, तर तिफणीनं वेळेवर केलेली सपाट पेरणीच जिंकते.

शिवाय साल सालासारखं नसतं. २०१५ ला पावसानं पाठ फिरवली, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. नदीच रानात शिरली की सरीतलं पाणी जाणार कुठे? आणि मापात पाऊस झाला त्या वर्षी दोन्ही रानं सारखीच दिसतात. वरंब्याची खरी कसोटी या दोन टोकांच्या मधल्या, बेभरवशाच्या सालांत लागते.

म्हणून शेजाऱ्याचं रान बघून मत बनवू नये. आपल्याच शेतात दोन पट्टे वरंब्याचे, दोन सपाट, आलटून पालटून पेरावेत. रास वेगवेगळी मोजावी, यंत्राचं भाडं वजा करावं, आणि पाचेक खळी होईपर्यंत निकाल राखून ठेवावा.