जुळला का नंबर?

बैलबाजारात मुरलेला माणूस आधी बैलाचं तोंड उघडतो. दुदाती, चौसा, सहादाती, आणि आठही दात आले की ‘जुळला’. शिंगं रंगवता येतात, झूल शेजाऱ्याची आणता येते. दातांचं काय करणार? जुन्या गाडीचे दात म्हणजे चासी नंबर आणि इंजिन नंबर. कारखान्यातून निघताना जे इंजिन ज्या चासीवर बसलं, तेच आजही तिथं असेल आणि कागदही तेच सांगत असतील, तर शौकीन म्हणतात ‘मॅचिंग नंबर’. आपण म्हणू, गाडी जुळली.

आता सिन्नरच्या स्टँडवर ‘नंबर’ म्हटलं तर कुणीही पाटीकडेच बघणार. ८०५५ इंग्रजी आकड्यांत लिहिला की ‘बॉस’ वाचता येतो, २१४ चा ‘राम’ होतो, आणि असल्या नंबरांसाठी लोक आरटीओत जादा पैसे मोजतात. संग्राहक त्या पाटीकडे दुसऱ्यांदा बघतो. पहिल्यांदा तो गाडीखाली वाकतो.

बाकीच्यांना हे नंबर आठवले ते नव्या सुरक्षा पाटीमुळे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली, ऑनलाइन अर्जात चासी आणि इंजिन नंबर मागितले, आणि घरोघरी आरसी बुकांची शोधाशोध झाली.

हल्लीच्या गाड्यांचा चासी नंबर सतरा अक्षरी असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. सुरुवातीची तीन अक्षरं म्हणजे कंपनीचं आडनाव: महिंद्राचं एमए१, मारुतीचं एमए३, बजाजचं एमडी२.

जीपची गंमत मात्र निराळीच, आणि ती आपल्या जिल्ह्याला कळायलाच हवी. देवळालीचा लष्करी कॅम्प शेजारी, महिंद्राचा गाड्यांचा कारखाना नाशकात, इंजिनांचा इगतपुरीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत एकाच घाटाच्या जीपा दोन कंपन्यांनी बनवल्या, विलीज आणि फोर्ड. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, ‘एफ’ उमटवला. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसा. फोर्डच्या जीपचा चासी आणि इंजिन नंबर कारखान्यातून एकच यायचा. विलीजचे दोन नंबर सहसा वेगळेच असायचे. म्हणजे विलीजवर दोन्ही आकडे तंतोतंत सारखे दिसले, तर आनंदानं उडी मारण्याआधी ठोकणारा हात कुणाचा ते बघा!

मग महिंद्राची सीजे-थ्रीबी. तिचं बॉनेट उंच, कारण आत बसवलेलं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनच उंच होतं. ते तेल पीत नव्हतं, ढोसत होतं. शेतकऱ्यानं आणि काळी-पिवळीवाल्यानं मग जे केलं ते व्यवहाराला धरून केलं: पेट्रोल इंजिन खाली, डिझेल वर. घोटीच्या रस्त्यानं शीटं भरताना मॅचिंग नंबर कुणाला आठवतो? पण संग्राहकाच्या हिशेबात तिथंच किंमत उतरली. आरटीओची परवानगी काढून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवला असेल तर गाडी कायदेशीर. जुळलेली मात्र नाही. आणि चढवलाच नसेल, तर ना कायदेशीर, ना जुळलेली.

तिकडं अमेरिकेत कॉर्व्हेटवाले तर इंजिनाची जन्मतारीखसुद्धा तपासतात. ब्लॉक ओतल्याची तारीख गाडी जोडल्याच्या आधीची हवी. नंतरची निघाली तर बारसं आधी आणि बाळंतपण मागाहून.

एका आकड्यानं नशीब उघडल्याचा किस्सा ‘बुलिट’ या १९६८ च्या सिनेमाचा. त्यासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या, चासी नंबरांचा शेवट ५५८ आणि ५५९. यातली ५५८ उड्या मारून खिळखिळी झाली आणि गायब झाली. २०१७ मध्ये ती मेक्सिकोत भंगार अवस्थेत सापडली. घेणारा तिच्यावर दुसऱ्याच एका सिनेमातल्या गाडीची नक्कल चढवणार होता. नंबर तपासला म्हणून वाचली. ५५९ तर २०२० च्या लिलावात सदतीस लाख डॉलरांच्या वर गेली, तीही रंग उडालेली, गंजाच्या डागांसकट. रंगरंगोटी केली असती तर उलट किंमत घटली असती, असं माझं मत.

नंबर नाहीत, सुटे भाग बदललेले, तरी गाडी तीच? लंडनच्या हायकोर्टात १९९० मध्ये हा वाद गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा सौदा एक कोटी पौंडांचा. रेसिंगच्या काळापासून तिचा जवळपास प्रत्येक भाग बदलत गेला होता, म्हणून घेणारा अडला. न्यायाधीशांनी सांगितलं, गाडीचा इतिहास अखंड आहे, म्हणजे ती तीच. पण असा निकाल नशिबानं मिळतो, भरवसा ठेवू नका.

आपल्याकडचा नियम त्या मानानं कडक. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. अट ही की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचे वीस हजार, फेरनोंदणीचे पाच हजार, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर खास ‘व्हीए’. रोजच्या कामाला किंवा भाड्याला मात्र ती चालवता येत नाही.

म्हणजे १९७५ च्या आतली जीप कुणाच्या वस्तीवर उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. चासीवरचा चिखल रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा, उमटलेला नंबर आरसीशी ताडून बघा. सँडपेपर अजिबात नको, घासलेला नंबर खाडाखोड केलेला दिसतो. आणि गोठ्यामागं गोणपाटाखाली जुनं पेट्रोल इंजिन पडलं असेल, तर ते किलोवर विकू नका. गाडीसोबतच ठेवा.