चूक कळूनही न सोडणारा 'मम्प्सिमस'

एखाद्याची चूक पुराव्यासह दाखवून द्यावी आणि तरीही 'आम्ही आजवर असेच करीत आलो' असे म्हणून त्याने ती तशीच पुढे चालू ठेवावी, हा अनुभव कोणत्याही समाजाला नवा नाही. इंग्रजी भाषेने मात्र अशा माणसासाठी एक स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे 'मम्प्सिमस'. रोजच्या बोलण्यात तो सहसा कानावर पडत नाही. विशेष म्हणजे, या शब्दाला मुळात काहीच अर्थ नव्हता. एका चुकीतूनच त्याचा जन्म झाला.

ख्रिस्ती उपासनेतील एका लॅटिन प्रार्थनेत 'सम्प्सिमस' असे क्रियापद येते. 'आम्ही ग्रहण केले' हा त्याचा अर्थ. एक धर्मगुरू मात्र ते 'मम्प्सिमस' असे म्हणत असे. लॅटिनमध्ये असा शब्दच नाही, हे त्याला दाखवून देण्यात आले. परंतु आपला जुना शब्द सोडून हा नवा शब्द घेण्यास त्याने साफ नकार दिला. नामवंत विद्वान इरॅस्मस याने १५१६ मधील एका पत्रात हा किस्सा सांगितला. पुढच्याच वर्षी रिचर्ड पेस या इंग्रज लेखकानेही तो आपल्या ग्रंथात नोंदविला. पेसच्या कथनात हा धर्मगुरू इंग्रज असून तीस वर्षे हीच चूक करीत आला होता.

वरकरणी हा विनोद असला, तरी त्यामागील वाद गंभीर होता. इरॅस्मसने १५१६ मध्येच 'नव्या करारा'ची ग्रीक संहिता आणि तिच्याशी ताडून सुधारलेले लॅटिन भाषांतर बाझल येथून प्रसिद्ध केले होते. हजार वर्षांहून अधिक काळ रूढ असलेल्या लॅटिन पाठात दुरुस्ती करणे अनेक धर्मपंडितांना रुचले नाही. किश्शातील धर्मगुरू हा अशा टीकाकारांचाच प्रतिनिधी होता.

हा वाद पुढे जिवावर बेतणारा ठरला. 'नवा करार' ग्रीकमधून इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलने १५३० मध्ये सनातनी धर्मपंडितांना 'मम्प्सिमस' म्हणून हिणवले. १५३६ मध्ये त्याला पाखंडी ठरवून देहदंड देण्यात आला. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी राजा आठव्या हेन्रीने संसदेत केलेल्या भाषणात दोन्ही पक्षांना फटकारले. काही जण जुन्या 'मम्प्सिमस'ला चिकटून बसतात, तर काही जण नव्या 'सम्प्सिमस'च्या मागे नको तितके लागतात, असा त्याचा रोख होता.

इंग्रजीत हे नाम दुहेरी अर्थाने वापरले जाते. चूक न सोडणारी व्यक्ती तर 'मम्प्सिमस' असतेच, पण ती चूक किंवा चुकीची रूढी हीसुद्धा 'मम्प्सिमस'च. मात्र केवळ अज्ञानापोटी चुकणाऱ्यास हा शब्द लावता येत नाही. चूक दाखवून दिली गेलेली असणे आणि तरीही ती हट्टाने कायम ठेवलेली असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. 'महत्त्व' हा शब्द नकळत 'महत्व' असा लिहिणारा फक्त चुकतो. शब्दकोश दाखविल्यावरही 'आमच्याकडे असेच लिहितात' म्हणणारा मात्र 'मम्प्सिमस' ठरतो. मराठीत 'दुराग्रही', 'हेकेखोर' हे शब्द जवळचे असले, तरी सवयीने जडलेल्या चुकीचा अभिमान ही छटा त्यांत नेमकी उतरत नाही.

याच्या उलट, 'सम्प्सिमस' म्हणजे रूढ चुकीच्या जागी आग्रहाने आणलेले शुद्ध रूप. त्याचाही अतिरेक होऊ शकतो. इंग्रजीतील 'एप्रन' हा शब्द पूर्वी 'नेप्रन' असा होता. त्याच्या आधी येणाऱ्या 'अ' या उपपदाशी 'न' जोडला गेला आणि लोकांच्या तोंडी चुकीचे रूपच रुळले. आज कोणी 'नेप्रन'चा आग्रह धरला, तर तोच हास्यास्पद ठरेल. वापरातून सर्वमान्य झालेले रूप भाषा आपलेसे करते. पण जिथे चुकीमुळे मूळ अर्थच हरवतो, तिथे जुनेपणाची ढाल पुढे करता येत नाही. त्या धर्मगुरूच्या प्रार्थनेत नेमके हेच घडत होते.