अर्जातला हुकूम

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली वडोद्यात कलाभवन स्थापन केले, ते रंगकाम, विणकाम, सुतारकी या विद्या केवळ हाताच्या सवयीवर न सोडता त्यांच्यामागील कार्यकारणभावासह शिकविल्या जाव्यात या हेतूने. त्रिभुवनदास गज्जर तेथे प्राचार्य होते, आणि दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले तेही तेथेच. त्या कलाभवनातून वाढलेल्या, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत आज संगणकशास्त्राचाही विभाग आहे. ज्या यंत्राचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे ते कोणत्याही कारखान्यात उभे केलेले दिसणार नाही. पण त्याचा कार्यकारणभाव समजून न घेता ते वापरणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे कलाभवनाची ती जुनी शिस्त त्याला अधिकच लागू पडते. त्याचे नाव अपाची स्ट्रट्स.

स्ट्रट्स हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळावर चालणाऱ्या कारभाराचा आयता सांगाडा. संस्थानी अमदानीतील एखादी कचेरी डोळ्यांपुढे आणावी: रयतेचा अर्ज आला की आवक कारकुनाने तो नोंदवहीत चढवावा, विषय पाहून त्या त्या टेबलाकडे धाडावा, दप्तरातून जुने कागद काढून रुजुवात घ्यावी, आणि अखेरीस ठराविक मसुद्यात उत्तर रवाना करावे. ही सारी व्यवस्था प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने उभारू नये, म्हणून क्रेग मॅक्लनहान यांनी २००० साली जावा भाषेत हा सांगाडा रचला आणि तो अपाची या सॉफ्टवेअर संस्थेच्या स्वाधीन केला. पुढे वेबवर्क नावाचा दुसरा सांगाडा त्यात विलीन होऊन २००७ मध्ये स्ट्रट्सची दुसरी पिढी अवतरली. तिच्याबरोबर ओजीएनएल नावाची एक लघुभाषा आली. पडद्यावरील रकाना आणि आतील माहिती यांची सांगड घालण्यास ती फार सोयीची. परंतु तिच्यात लिहिलेले वाक्य यंत्र नुसते वाचत नाही, ते अमलात आणते.

घात झाला तो याच ठिकाणी. ब्राउझर फाइल पाठवितो तेव्हा सोबत मजकुराचा प्रकार सांगणारी एक ओळ जाते, तिला कंटेंट-टाइप म्हणतात. ती ओळ विपरीत असली तर स्ट्रट्सने ती नाकारावी, आणि तसे ते नाकारीतही असे. मात्र नकाराचा खलिता तयार करताना ते ती विपरीत ओळ जशीच्या तशी त्यात उतरवून घेई, आणि तो खलिता त्या लघुभाषेच्या तपासणीतून पुढे जाई. तेव्हा कोणी त्या ओळीत टक्क्याचे चिन्ह घालून महिरपी कंसात सर्व्हरला द्यावयाची आज्ञा लिहिली, तर तिच्याबद्दल तक्रार नोंदविता नोंदविताच यंत्र ती आज्ञा पार पाडी. अर्जातील मजकूर वाचता वाचता कारकुनाने तो हुजूरचा हुकूम समजून तिजोरी उघडावी, तसे हे. पासवर्ड नको, ओळख नको, एक ओळ पुरे.

७ मार्च २०१७ रोजी हे छिद्र जाहीर झाले, आणि ते बुजविणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, असलेली नवी आवृत्तीही त्याच सुमारास उपलब्ध झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन सरकारच्या सायबरसुरक्षा खात्याने इशारा दिला. इक्विफॅक्स या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीत ९ मार्चला अंतर्गत फर्मानही सुटले, की ४८ तासांत पॅच लावावा. पण ग्राहकांनी आपल्या तक्रारी जेथे दाखल करावयाच्या, नेमके ते पोर्टल सुटून गेले, आणि कंपनीने चालविलेल्या शोधयंत्रालाही ते सापडले नाही. मेच्या मध्यास चोर आत शिरले. २९ जुलैपर्यंत त्यांची चाहूल लागली नाही, कारण रहदारीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच मुदतबाह्य झाले होते. ते नवे घालताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खासगी माहिती गेली. मला या साऱ्या हकिकतीत छिद्रापेक्षा ते मुदतबाह्य प्रमाणपत्रच अधिक बोलके वाटते: पहारेकरी नेमलेला होता, फक्त त्याला दिसत नव्हते.

वडोद्याच्या वाचकास येथे बँक ऑफ बडोदाचे स्मरण होईल. महाराजांच्या प्रेरणेने १९०८ साली याच शहरात निघालेल्या या बँकेला रिझर्व्ह बँकेने १० ऑक्टोबर २०२३ रोजी ‘बॉब वर्ल्ड’ ॲपवर नवे ग्राहक घेण्यास मनाई केली, ती ८ मे २०२४ रोजी उठली. परंतु या दोन प्रकरणांची गल्लत करू नये. रिझर्व्ह बँकेचा आक्षेप ग्राहकांना ॲपवर दाखल करून घेण्याच्या पद्धतीवर होता, फ्रेमवर्कमधील एखाद्या छिद्रावर नव्हे. आणि पद्धतीतील दोषावर पॅच मिळत नाही. छिद्रांची दखल घेण्यासाठी आपल्याकडे २००४ पासून सर्ट-इन ही संस्था आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिची वर्दी द्यावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सहा तास फार थोडे, अशी कुरकुर पुष्कळ झाली. इक्विफॅक्सने चोरी लक्षात आल्यावर ती जगाला सांगण्यास ७ सप्टेंबर उजाडविला, हे ध्यानी घेता मला ती कुरकुर फारशी पटत नाही.

स्ट्रट्सचे दुखणे तेवढ्यावर संपले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ओजीएनएलनेच पुन्हा दगा दिला. डिसेंबर २०२३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये फाइल स्वीकारण्याच्या कामात छिद्रे निघाली, ज्यांतून पाठविलेली फाइल नेमून दिलेली जागा सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन बसे. यांतील शेवटच्या प्रसंगी नुसती नवी आवृत्ती बसवून भागत नव्हते. फाइल घेण्याची जुनी रीत टाकून नवी स्वीकारावी लागे, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा भाग पुन्हा लिहावा लागे. ज्या कार्यालयात मूळ प्रोग्राम लिहिणारा ठेकेदार बिल वसूल करून केव्हाच गेलेला असतो, तेथे हे काम कोणाच्या टेबलावर पडणार? निविदेच्या मसुद्यात देखभालीच्या नावाखाली एक ओळ असते, आणि तिच्यात छपाईयंत्राची शाई व सर्व्हरचा पॅच हे एकाच रकमेत बसविलेले असतात.