कुकीची राखण : तीस वर्षांचा मागोवा

सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. एक पान मागितलं, त्याने दिलं, विषय संपला. दुसरं पान मागणारा तोच माणूस की वेगळाच, हे त्याला कळत नसे. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रामरने यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरकडे थोडासा मजकूर ठेवायला द्यायचा आणि ब्राउझरने तो दर खेपेला परत दाखवायचा. हीच कुकी. पुढे तिच्यावर लॉगिनचा सगळा भार आला आणि गोची झाली. जुन्या बँकांत पैसे काढताना मिळणाऱ्या पितळी बिल्ल्यासारखी तिची गत : बिल्ला ज्याच्या हाती, पैसे त्याचे. पासवर्ड एकदाच विचारला जातो, कुकी मात्र दर क्लिकला.

कोकणातल्या राजापूरसारख्या तालुक्याच्या गावी इंटरनेट आधी पोचलं ते सायबर कॅफे आणि कॉम्प्युटर क्लासमधून. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २००२ मध्ये आयआरसीटीसीचं ऑनलाइन आरक्षण आलं. गणपतीची तिकिटं, कॉलेजचे अर्ज, पुढे सातबारा, सगळं लॉगिन करून. मशीन एक, बसणारे अनेक. 'मला लक्षात ठेवा' या चौकटीवरची खूण तशीच ठेवून उठणारेही असायचेच, म्हणजे पुढे बसणाऱ्याला त्यांचं खातं उघडंच.

ब्राउझर बनवणाऱ्यांपुढचा धोका मात्र वेगळा होता. पानात घुसवलेली परकी स्क्रिप्ट कुकी वाचून पळवी. म्हणून २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये 'एचटीटीपी-ओन्ली' ही खूण आणली. ती लावली की जावास्क्रिप्टला कुकी दिसत नाही. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत ती सोय यायला २००६ उजाडलं, आणि वापरायला त्याहून उशीर. ऑर्कुट या समाजमाध्यमाच्या दिवसांत अ‍ॅड्रेस बारमध्ये कोडची ओळ चिकटवायला सांगणारे स्क्रॅप, म्हणजे संदेश, फिरायचे. चिकटवणाऱ्याचं खातं दुसऱ्याच्या हाती जाई.

'सिक्युअर' या खुणेची कथा तर चीड आणणारी. नेटस्केपच्या मूळ मसुद्यातच ती होती : कुकी फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून, पाठवा. पण बहुतेक साइट लॉगिनच्या पानापुरतं एचटीटीपीएस वापरत आणि पुढे कुकी उघडी धावे. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलरने फायरशीप हे फायरफॉक्सचं अ‍ॅड-ऑन सोडलं. एकाच उघड्या वाय-फायवर बसलेल्या माणसाच्या नावावर क्लिक करा, त्याच्या खात्यात शिरा. तेव्हा कुठे मोठ्या कंपन्या हलल्या. छोट्या संस्थांना प्रमाणपत्राचा खर्च आड येई. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने प्रमाणपत्र फुकट केल्यावर ती सबबही उरली नाही.

'सेमसाइट' २०१६ मध्ये क्रोममध्ये आली. दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी न पाठवण्याची ही खूण. पीएचपी ७.३ येईपर्यंत अनेकांनी ती 'पाथ'च्या शेपटीला अर्धविराम देऊन चिकटवली. कोड किळसवाणा, पण चालला. फेब्रुवारी २०२० पासून क्रोमने ती न सांगताच लावायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये कोविडमुळे थांबवली, जुलैत पुन्हा सुरू केली.

या तिन्ही खुणा वाटेवरच्या आणि परक्या साइटच्या चोराला अडवतात. त्याच खुर्चीवर नंतर येऊन बसणाऱ्याला त्यातली एकही अडवत नाही. त्याचा बंदोबस्त सर्व्हरच्या कोडमध्येच करावा लागतो, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त हयगय झाली. कितीतरी साइटचं 'लॉगआउट' ब्राउझरातली कुकी पुसतं, सर्व्हरवरचं सत्र (सेशन) जिवंतच ठेवतं. लॉगिन झाल्यावर सत्राचा क्रमांक बदलायला हवा, हे २००२ मध्येच लिहिलं गेलं होतं. तरीही जुनाच क्रमांक पुढे चालवणारा कोड आजही सापडतो.

आता घातक प्रोग्राम कुकी थेट डिस्कवरून पळवतात. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे यूट्यूब चॅनेल याच मार्गाने पळवलं गेलं. पासवर्ड किंवा ओटीपी मागण्याची चोरांना गरजच पडली नाही. २०२४ मध्ये गुगलने सत्र त्या-त्या यंत्राच्या चावीला बांधण्याची योजना मांडली. उपाय चांगलाच आहे, पण लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या काउंटरवर यंत्र सगळ्यांचं एकच, म्हणजे चावीही एकच. तिथे सत्र दहा-पंधरा मिनिटांत सर्व्हरवरूनच मरायला हवं, आणि मोबाइल नंबर किंवा बँक खातं बदलताना ओटीपी पुन्हा मागायला हवा.