तटाबाहेरचे गाव : अर्नाळा किल्ला

वैतरणा नदी अरबी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला दातिवरे आणि दक्षिणेला अर्नाळा ही गावे समोरासमोर आहेत. मधल्या पाण्यात, अर्नाळ्याच्या बाजूला, एक सपाट बेट आहे. नकाशात त्याचे नाव अर्नाळा किल्ला आणि सरकारदरबारीही तेच, कारण या बेटाला स्वतःची ग्रामपंचायत आहे. किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याची वेगळी, बेटाची वेगळी. २००९ च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा बेट तिच्या हद्दीबाहेर राहिले. विरार स्टेशनाबाहेरच्या रेटारेटीतून बस धरली की तासाभरात अर्नाळ्याचा किनारा येतो. पुढे जायला पूल नाही, होडी आहे.

बहुतेक माणसे इथे किल्ला बघायला येतात. तटावर फोटो काढतात, देवळात हात जोडतात, शहाळे पितात आणि परतीची होडी धरतात. येताना आणि जाताना ज्या गल्ल्यांतून ती जातात, ते गाव त्यांच्या लेखी किल्ल्याकडे जाणारी वाट असते. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. किल्ला चांगलाच आहे, पण त्यातली फौज गेल्याला दोनशे वर्षे झाली. तटाबाहेरचे कोळ्यांचे गाव मात्र जागते आहे आणि बेट चालते ते त्याच्या जोरावर.

आधी होडीविषयी. पाण्यावरचे अंतर पाच-दहा मिनिटांचे. पण मिनिटांपेक्षा महत्त्वाची असते भरती-ओहोटी. वर्षानुवर्षे इथला रिवाज असा, की चपला हातात घ्यायच्या, पँट किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर करायची आणि लाटेचा अंदाज घेऊन पाण्यातूनच होडीत चढायचे, पाण्यातच उतरायचे. सहलीला आलेल्यांना याची गंमत वाटते. गावकऱ्यांचे तसे नाही. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, शाळेची दप्तरे, बाळंतपणाला निघालेली सून, सगळे याच पाण्यातून. पक्की जेटी हा म्हणूनच इथल्या प्रत्येक निवडणुकीतला पहिला विषय. तिच्याबद्दल बेटावर कुणाशीही बोला, संभाषण लवकर संपत नाही.

आता किल्ला. माहितीफलकांवर आणि पुस्तकांतून हमखास छापले जाते, की गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १५१६ साली इथे पहिला कोट बांधला. बेगडा १५११ मध्येच वारला होता, तेव्हा नाव आणि साल यांतले एक तरी चूक असणार. पण एकाचे बघून दुसऱ्याने लिहायचे ही आपली जुनी खोड. पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्या कागदांत या जागेचे नाव ‘गाईंचे बेट’ असे आहे. वैतरणेच्या मुखावर पहारा ठेवायला याहून सोयीची जागा नव्हती. नदीतून लाकूड, भात, मीठ जे काही बाहेर पडेल ते या बेटाच्या नजरेखालून जाणार.

१७३७ मध्ये, वसईच्या मोहिमेत, मराठ्यांनी बेट घेतले. वसई पडायला १७३९ उजाडले, अर्नाळा दोन वर्षे आधी आला. त्यानंतर पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेवरून आज दिसतो तो जलदुर्ग उभा राहिला. उत्तरेच्या महाद्वारावर शिलालेख आहे. पाश्चात्त्यांना मारून समुद्राच्या पोटात लवकर जंजिरा बांध, अशी आज्ञा बाजीरावाने शंकरला केल्याचे त्यात म्हटले आहे. हा शंकर म्हणजे वसई प्रांताचे सुभेदार शंकराजी केशव फडके. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही त्यांची नक्षी बरीच टिकून आहे. चौकोनी कोट, दहाएक मीटर उंचीचा तट. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, त्याच्यासमोर अष्टकोनी तळे. भवानीचे देऊळ आहे, शाहअली आणि हाजीअली यांच्या कबरी आहेत, नित्यानंद महाराजांच्या पादुकाही आहेत. गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि त्यांच्या जोरावर तटाच्या आत भाजीपाल्याची शेती चालते. तोफेच्या जागेखाली वांगी लावलेली बघून इतिहासप्रेमी मंडळी हळहळतात. मला त्यात वावगे काही दिसत नाही. दक्षिणेला, मुख्य कोटापासून सुटा असा एक गोल बुरूज आहे, हनुमंत बुरूज.

१७८१ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला आणि १८१७ मध्ये कायमचा गेला. किल्ल्याची गोष्ट इथे संपते.

गाव मात्र दर्याच्या वेळापत्रकावर चालते. वस्ती कोळ्यांची, मुख्यतः वैती आणि मांगेला. आणि इथले पिढीजात साधन म्हणजे डोल. गिलनेटची जाळी पाण्याबरोबर वाहत जातात, डोल एका जागी तोंड वासून बसते. समुद्रतळाशी खुंट ठोकून जागा धरतात, तिला म्हणतात कव. तिथे नरसाळ्यासारखे लांबलचक जाळे प्रवाहाच्या तोंडावर बांधतात. पुढे मोठी भोके, मागे बारीक होत जाणारी वीण आणि शेवटी खोला, म्हणजे गाठ मारून बंद केलेले टोक. पाणी जोरात वाहिले की म्हावरा आपोआप आत लोटला जातो. प्रवाह फिरायच्या आधी, पाणी थंडावते तेवढ्या वेळात, डोल ओढून घ्यायची आणि खोल्याची गाठ सोडायची. वेळ चुकली तर तेच पाणी आतले सगळे बाहेर काढते. म्हणून इथे घड्याळाच्या आधी तिथी बघतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ आणि डोलीला काम. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी मरगळते, होड्या किनाऱ्याला लागतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. भांगाच्या दिवसांत बेटावर गेलात तर पडवीपडवीत पुरुष जाळ्याला टाके घालताना दिसतील. माणसे बोलायला मोकळी असतात तीही तेव्हाच.

डोलीत येणारा मुख्य माल म्हणजे बोंबील, मांदेली, जवळा, करंदी. पापलेटचा मान मोठा, २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा दर्जाही मिळाला. पण या बेटाचे पोट भरले ते बोंबलाने. ओल्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. बर्फ नसेल तर काही तासांत तो हातात धरण्याजोगा राहत नाही. बर्फाचे कारखाने यायच्या आधीच्या काळात, बाजार खाडीपलीकडे असलेल्या गावाला एकच उपाय होता : वाळवणे. त्यासाठी वलांड्या. खांब रोवायचे, त्यांच्यावर आडवे बांबू किंवा दोऱ्या ताणायच्या. बाई टोपलीतून दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. गाठ नाही, आकडा नाही, सुई नाही. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, तेच कुलूप. सरावलेला हात हे करताना खाली बघतही नाही. ऊन आणि खारा वारा चांगला असेल तर तीन-चार दिवसांत कडक बोंबील तयार. मध्येच ढग आले, तर सगळी मेहनत पाण्यात.

असेच काम आर्क्टिक वर्तुळाच्याही वर एका बेटावर चालते. नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहाच्या टोकाला रोस्त नावाची बेटवजा नगरपालिका आहे, वस्ती जेमतेम पाचशेची. तिथे हिवाळ्यात कॉड येतो. दोन कॉड शेपटीशी बांधून लाकडी मांडवावर टाकतात आणि फेब्रुवारी ते मे नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात, मिठाचा कणही न लावता. १४३२ च्या जानेवारीत व्हेनिसचा एक सरदार, पिएत्रो क्वेरिनी, जहाज फुटून रोस्तला लागला. तिथल्या कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना काही महिने सांभाळले. परत जाऊन त्याने त्या वाळलेल्या माशाचे वर्णन लिहिले. इटली आजही हा मासा घेते आणि भरपूर पैसे मोजून घेते. २०१४ मध्ये युरोपीय संघाने लोफोटेनच्या सुक्या कॉडला भौगोलिक ओळखीचे संरक्षण दिले. त्याच संघाने नव्वदच्या दशकात आपल्या सुक्या बोंबलाची आयात अडवली होती, मान्यताप्राप्त कारखान्यात तयार झालेला नाही म्हणून. पुढे नियम सैल झाले. उघड्यावर वाळवायला हरकत नाही, पॅकिंग तेवढे मान्यताप्राप्त जागी झाले पाहिजे, असे ठरले. वारा दोन्हीकडे फुकटचा. फरक आहे तो मालाच्या मागे उभ्या राहिलेल्या संघटनेत, प्रतवारीत आणि सरकारच्या चिकाटीत. कॉडच्या डझनावारी प्रती ठरलेल्या आहेत. आपला बोंबील विरारच्या, आगाशीच्या, वसईच्या बाजारात कोळणीच्या घासाघिशीवर विकला जातो.

नॉर्वेचा आणि आपल्या कोळ्यांचा दुसरा संबंध यंत्राचा. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रातही त्या सुमारास सरकारी कर्जावर होड्यांना इंजिने बसू लागली. शीड गेले, सुती जाळी जाऊन नायलॉन आले, कवी खोल पाण्यात सरकल्या. त्यातून भांडणेही आली. वसई, उत्तन, अर्नाळ्याकडच्या डोलकरांच्या कवी उत्तरेला सरकत गेल्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या गिलनेटवाल्यांशी जागेवरून वाद पेटला. कित्येक बैठका झाल्या, वाद अजून पुरता मिटलेला नाही. दोन्ही बाजूंचे एकमत होते ते पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये कडक केला गेला, दंड वाढले. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, असे कोळी सांगतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की खरा हंगाम सुरू. खलाशी आता घरचे पुरत नाहीत. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी आणि उत्तरेतले मजूर होडीवर असतात. घरची मुले शिकून विरारहून लोकल धरतात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या घरातला. बंदर डहाणूजवळ होणार असले तरी जहाजांचे मार्ग आणि भराव यांनी आपली मासेमारीची जागा आक्रसेल, ही धास्ती पालघरच्या सगळ्या किनाऱ्यावर आहे.

बेटाला त्याहून जवळची एक धास्ती आहे, धुपेची. पश्चिमेकडून लाटा जमीन कापत आल्या आहेत आणि किनाऱ्यालगतची घरे गेली आहेत. वैतरणेतल्या रेतीउपशाकडे गावकरी बोट दाखवतात. नदीने आणलेली वाळू ट्रकांतून शहरात गेली तर किनाऱ्याला भर कुठून मिळणार, हा त्यांचा साधा सवाल आहे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी, मंजुरी, तुकड्यातुकड्याने होणारे काम आणि पुन्हा उधाण, असे चक्र चालू असते.

हे सगळे मांडायला ग्रामपंचायत आहे आणि तीत निम्म्या जागा बायकांच्या. महाराष्ट्रात हे आरक्षण २०११ पासूनचे. नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर, जिथे वस्ती दोनेकशेचीच, १९२५ च्या निवडणुकीत बारापैकी अकरा जागांवर बायका निवडून आल्या आणि आसा हेल्गेसेन नावाची सुईण देशातली पहिली महिला महापौर झाली. पुरुषांनी थट्टेने बायकांची नावे लिहिली होती, अशी हकिगत सांगतात. कोळीवाड्यात अशी थट्टा कुणी करणार नाही. म्हावरा किनाऱ्याला लागला की त्याचा भाव, उधारी, वसुली आणि घरातला पैसा हे सारे आधीपासूनच बायकांच्या हाती असते.

अर्नाळ्याचे नाव नौदलानेही उचलले आहे. १९७२ ते १९९९ या काळात ‘अर्नाळा’ नावाची युद्धनौका सेवेत होती. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला त्याच नावाची नवी नौका दाखल झाली, ७७ मीटरहून लांब, उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी. नदीमुखावर पहारा देणाऱ्या किल्ल्याचे नाव किनाऱ्याजवळच्या पाण्यात गस्त घालणाऱ्या नौकेला, ही निवड नेमकी आहे.

जायचे असेल तर दिवाळीनंतर मार्चपर्यंत जा, पावसाळ्यात होडीचा भरवसा नाही. भरतीची वेळ आधी विचारून ठेवा आणि शेवटची फेरी किती वाजता हेही उतरल्या उतरल्या नाववाल्याला विचारा. किल्ल्याला दीड तास पुरतो. उरलेला वेळ वलांड्यांकडे काढा, पण वाळत घातलेल्या मालाला हात लावण्याआधी विचारा. सुके बोंबील घ्यायचे तर बाजारापेक्षा इथेच घ्या. मोडल्यावर कडकन आवाज आला तर माल चांगला, वाकला तर पैसे परत खिशात ठेवा.