जिन्यावरची खुर्ची : बसविणाऱ्याची पात्रता कशी तपासावी?

रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखाती देशांच्या कमाईवर उभी राहिलेली दुमजली घरे सर्वांच्या परिचयाची आहेत. ज्यांनी ती तरुणपणी बांधली, ते आता सत्तरीत पोहोचले आहेत. निजण्याची खोली वर आणि बैठक, स्वयंपाकघर खाली. मशिदीत जायचे तर जिना उतरलाच पाहिजे. गुडघे साथ देईनासे झाले की मुले चौकशी सुरू करतात आणि 'स्टेअरलिफ्ट' म्हणजे जिन्यावरून वर-खाली जाणाऱ्या खुर्चीचे नाव पुढे येते. मुंबई-पुण्याचे विक्रेते आता ही खुर्ची गावापर्यंत आणून बसवून देतात. कोणत्या कंपनीची खुर्ची घ्यावी हा या लेखाचा विषय नाही. ती बसविणारा माणूस लायक आहे की नाही हे कसे ओळखावे, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी यंत्र समजून घेऊ. जिन्याच्या कडेने एक रूळ जातो. तो सहसा भिंतीला नव्हे, तर पायऱ्यांना पाय ठोकून बसवितात. रुळावर दातेरी पट्टी असते आणि खुर्चीखालच्या मोटरचे दातेरी चाक तिच्यात अडकून फिरते. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. घरच्या विजेवर त्या भरल्या जातात, त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. जिना सरळ असेल तर रूळ तयार मिळतो व लांबीप्रमाणे कापता येतो. जिना वळणाचा असेल तर रूळ त्याच जिन्याच्या मापाने कारखान्यात बनवावा लागतो. म्हणजे सारा भार पायऱ्यांत ठोकलेल्या बोल्टांवर आणि घेतलेल्या मापावर असतो. या दोन्ही गोष्टी कारखान्यात होत नाहीत, तुमच्या घरात होतात. म्हणूनच यंत्र उत्तम असूनही बसविणारा कच्चा असला तर वृद्ध माणसाचा जीव धोक्यात येतो.

येथे वाचकांचा एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. लिफ्ट म्हटले की सरकारी निरीक्षक येतोच, अशी समजूत असते. उभ्या लिफ्टच्या बाबतीत ती बरोबर आहे. १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्यापासून आपल्याकडे लिफ्ट उभारण्यापूर्वी परवानगी आणि चालविण्यापूर्वी परवाना लागत आला आहे. पुढे राज्याने २०१७ चा नवा लिफ्ट कायदा केला. परंतु जुन्या कायद्यातील लिफ्टची व्याख्या मुख्यतः उभ्या दिशेने जाणाऱ्या पाळण्याची होती, आणि जिन्यावरची खुर्ची तिरकी जाते. तेव्हा कोणी तरी येऊन तपासेल या भरवशावर राहू नये. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात एक अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. "आमच्या खुर्चीला काही लागत नाही," हे विक्रेत्याचे तोंडी वाक्य पुरेसे नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. विक्रेता घरी आला की फाईल उघडतो. तीत जीएसटी नोंदणी असते, उद्यम नोंदणी असते आणि आय.एस.ओ. ९००१ चे रंगीत प्रमाणपत्र असते. ही कागदपत्रे खोटी असतात असे आम्ही म्हणत नाही. पण ती काय सांगतात? जीएसटी क्रमांकावरून एवढेच कळते की हा धंदा कराच्या दफ्तरी नोंदलेला आहे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर घातला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि ती कोणाच्या नावाने आहे, हे फुकट पाहता येते. हे अवश्य पाहावे. बिलावरचे नाव, बँक खात्याचे नाव आणि हे नाव एकच हवे. उद्यम नोंदणी धंदेवाईक स्वतःच्या माहितीवर काढतो. आय.एस.ओ. ९००१ कारभाराच्या पद्धतीबद्दल आहे, खुर्चीबद्दल नाही. जो माणूस तुमच्या पायऱ्यांत भोके पाडणार आहे, त्याच्याबद्दल या फाईलमध्ये एक अक्षरही नसते.

त्याच्याबद्दलचे कागद वेगळे असतात आणि ते मागावे लागतात. पहिला म्हणजे खुर्ची बनविणाऱ्या कंपनीचे पत्र, की अमुक फर्म आमची अधिकृत विक्रेता आहे व तिला बसविण्याचाही अधिकार आहे. विकण्याचा अधिकार आणि बसविण्याचा अधिकार या दोन गोष्टी आहेत. पत्रावरची तारीख पाहावी आणि कंपनीला ई-मेल पाठवून ते खरे आहे का, हे विचारावे. दुसरा, फिटरच्या नावाचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. फर्मच्या नावाचे चालणार नाही, कारण फर्म हातात ड्रिल धरत नाही. तिसरा, खुर्ची कोणत्या मानकाप्रमाणे बनली याचे कंपनीचे निवेदन. युरोपात या खुर्च्यांसाठी ई.एन. ८१-४० हे मानक आहे. आपल्याकडील आय.एस. १५२५९ घरगुती लिफ्टसाठी आहे. कोणी त्याचा आकडा खुर्चीच्या पत्रकावर छापला असेल तर का छापला, हे विचारावे. चौथा कागद वायरिंगचा. चार्जरसाठी नवा पॉइंट काढायचा असेल तर ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे व परवान्याची प्रत ठेवावी.

या सर्वांपेक्षा आम्हाला एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. दोन-तीन वर्षांपूर्वी याच फिटरने बसविलेली खुर्ची जाऊन पाहावी. गेल्या महिन्यात बसविलेली नको, ती कोणाचीही चांगलीच चालते. कोकणाचा पाऊस दोनदा सोसून रूळ गंजला का, बॅटरी बदलायला माणूस किती दिवसांनी आला, हे त्या घरच्यांना विचारावे. असे एकही घर जो दाखवू शकत नाही, त्याला निरोप द्यावा.

मापाला येणारा माणूसही एक परीक्षाच असते. जाणकार माणूस प्रथम पायऱ्या कशाच्या आहेत ते पाहतो. काँक्रीटवर कोटा लावला आहे की जुना लाकडी जिना आहे, यावर बोल्ट ठरतो. तो बसणाऱ्याचे वजन विचारतो (पुष्कळ खुर्च्यांची मर्यादा १२० किलोच्या आसपास असते), गुडघा किती वाकतो ते पाहतो, खुर्ची मिटल्यावर इतरांना जायला किती जागा राहील ते मोजतो. बैठकीत चहा पिऊन मोबाईलवर दोन फोटो काढून भाव सांगणारा माणूस विक्रेता असेल, पण फिटर नव्हे.

करार लेखीच करावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. तरी घरच्या कामात आपण "ओळखीचा आहे" म्हणून सोडून देतो. वळणाचा रूळ मापाने बनवून घेणे हा फिकहच्या भाषेत इस्तिस्नाचा प्रकार होतो. त्यात वस्तूचे वर्णन इतके स्पष्ट हवे की पुढे भांडणास जागा राहू नये. म्हणून मॉडेल, रुळाची लांबी, वजनाची मर्यादा, तयार होण्याची मुदत आणि माप चुकले तर नवा रूळ कोणाच्या खर्चाने, हे सर्व लिहावे. सारी रक्कम आगाऊ देऊ नये, शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यावा. "शून्य टक्के" हप्त्यांची योजना पुढे केली तर रोखीचा भाव आधी लिहून घ्यावा; दोहोंतला फरक कशाचा, ते मग आपोआप दिसते.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले कोकणी नातेवाईक कधी तेथील वापरलेली खुर्ची पाठवितात. सरळ रूळ असेल तर जमू शकते. वळणाचा रूळ दुसऱ्या घरात कामाचा नाही. तेथे ग्राहकाला घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत मोडता येतो, पण मापाने बनविलेल्या मालाला ती सवलत नाही. म्हणून त्यांनीही सही करण्यापूर्वीच चौकशी करावी. जुना माल नवा म्हणून विकला जाऊ नये यासाठी खुर्चीच्या पट्टीवरचा अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यावा.

काम पुरे झाल्यावर वडीलधाऱ्यांना लगेच बसवू नये. आधी घरातील तरुणाने बसून पाहावे. पायरीवर पुठ्ठ्याचे खोके ठेवावे. पाय ठेवण्याची फळी त्याला लागताच खुर्ची थांबली पाहिजे. वरच्या मजल्यावर बैठक फिरवून ठेवली असता खुर्ची चालता कामा नये. मुख्य स्विच बंद करून दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात. फिटर या चाचण्यांना कंटाळत असेल तर शेवटचा हप्ता अजून आपल्या हाती आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या तरुणांसाठीही येथे काम आहे. आखातात लिफ्टचे काम करून परतलेले अनेक फिटर गावोगावी बसून आहेत. त्यांनी कंपनीचे प्रशिक्षण घ्यावे, स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवावे आणि केलेल्या कामांची वही ठेवावी. मुंबईहून माणूस यायला आठवडा लागतो, तेथे चिपळूण-महाडचा फिटर त्याच दिवशी पोहोचेल.

आणि फसगत झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असला तरी. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, करार आणि चाचणीच्या दिवशीचा सहीचा कागद तोवर जपून ठेवावा.